कोरड्या कागदाची शाई

खोटं बोलून रत्नाबाईला मिळणार होतं ते एवढंच: अश्विनच्या दुकानातून शाईची बाटली हातात पडेपर्यंत तिला मान वर ठेवून उभं राहता येणार होतं. बाकी लाभ काही नव्हता. जाणार काय, तेही तिनं बघून घेतलं होतं. बचत गटाचा हिशेब सांभाळणारी बाई, कुठल्याही गोष्टीची खर्चाची बाजू आधी चाचपायची तिची खोड. पण त्या बाजूला तिला काहीच दिसलं नाही. एवढंसं खोटं, तेही पोषण आहाराच्या नावानं, त्याचा खर्च तो किती असणार? आणि आता तेच खोटं तिच्या डोळ्यांदेखत, आनंदाबाईच्या ओल्या बोटाखालून, कार्डावर पसरत चाललं होतं.

कार्ड चौरंगावर तांब्याला टेकवून उभं केलेलं होतं. लग्नाचं पहिलं कार्ड. त्याच्या चार कोपऱ्यांना घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं हळदीचं बोट लावायचं, मग ते मोहाडीच्या चौंडेश्वरी देवीपुढं ठेवून यायचं, आणि मग बाकीची कार्डं गावात निघायची. घरात मोठी आनंदाबाई. तिनं पहिलाच कोपरा धरला, वरचा, आणि हळद कालवताना पाणी जास्त झालेलं असल्यामुळे बोटाचा एक टपोरा थेंब सुटून उभ्या कार्डावरून खाली निघाला. निघाला तो पिवळा होता. पहिल्या ओळीपाशी आला, ‘रत्ना’ या अक्षरांवर जरासा थांबला, विसावल्यासारखा, आणि मग ती अक्षरंच त्याच्याबरोबर चालू लागली. लग्न रत्नाबाईचं होतं. आनंदाबाई तिची सासू होती. आईच नसेल तर हळद सासूनं लावावी, यात नवल नाही. पण ही सासू गेलेल्या नवऱ्याची आई, आणि नवऱ्याला जाऊन इतके दिवस झाले होते की तेव्हा शाळेचं दप्तर ओढत चालणारी लेक राखी आता नागपूरला स्वतःचा संसार ओढत होती.

‘पाहू,’ एवढंच म्हातारी आजवर म्हणाली होती. रत्नाबाईनं काही महिन्यांमागे, भाजी निवडता निवडता, निवडलेल्या पानांकडे बघतच सांगितलं होतं, की एकोडीचे धनंजय भाऊ विचारून राहिले. म्हातारी म्हणाली, ‘पाहू.’ नंतर विचारलं, तुम्ही याल ना संगं एकोडीला? ‘पाहू.’ शेवटी रत्नाबाईनं कार्डाचं काढलं तेव्हा मात्र म्हातारीनं डोळे बारीक केले. ‘कार्ड छाप. मंग हळद लावाची का नाई लावाची, थे मी पायतो.’ म्हणजे सगळं त्या बोटावर आलं होतं. चारही कोपऱ्यांना हळद लागली तर होकार. आणि आता एका कोपऱ्यातच नवरीचं नाव वाहून चाललं होतं. यापेक्षा वाईट शकुन एखाद्यानं मुद्दाम बसून काढायचा म्हटला तरी निघाला नसता. म्हातारीनं बोट मागे घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि ओठ हलवायला लागली. देवाचं म्हणत होती की शिव्या देत होती, काही कळेना. हातातली हळदीची वाटी मात्र तिनं खाली ठेवली नव्हती, आणि रत्नाबाईची सगळी नजर त्या वाटीवर होती. वाटी जमिनीला टेकली की संपलं.

तसं बघितलं तर कार्डाचा हट्टच नको होता. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट, आणि पाटाला कार्ड कुणी छापत नाही. नाकाडोंगरीला आजोळी असताना रत्नाबाईनं, तेव्हाच्या रत्नानं, मावशीचा पाट बघितला होता. म्हणजे बघू दिला नव्हता. दिवेलागण झाल्यावर चार माणसं आली, गोठ्याकडच्या बाजूनं आली, हळू जेवली, हळू बोलली, आणि सकाळी उठून बघते तर मावशी नाही. ‘मावशी कुठी गेली?’ ‘गेली.’ शेजारणीकडून मागून आणलेली परात परत करावी, तशी. तिच्या नावाचा कुठं एक कागद नाही, कुणी वाजवलेलं एक भांडं नाही. पुढं ती मावशी चांगली सुखात राहिली, गोल गोल झाली, हसली की सगळी हलायची. पण रत्नाबाईला आठवायची ती सकाळ. तेव्हापासून तिला माणसं आवाज करत गेलेली आवडायची. राखी फोनवर म्हणाली, ‘आई, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना सरळ. कागदाचं कार्ड कोण पायते आता?’ ‘तुया लग्नात तर दोन तऱ्हेचे छापले होते.’ ‘अवो, थे माहं लग्न होतं.’ मग तिकडून हसू आलं, इकडूनही. ‘बरं बापा, चुकली मी. पाठवतो करून.’ आणि पोरीनं फोनवरच मजकूर मांडून पाठवला. छापखान्यात जायची सोय नव्हती; छापखानेवाला आधी गणपती विचारतो, मग निमंत्रक विचारतो, मग आपले नम्र म्हणून काका, मामा, समस्त परिवार विचारतो. रत्नाबाईच्या कार्डावर निमंत्रक ती एकटी. ‘मी रत्नाबाई, एकोडीचे धनंजय यांच्याशी लग्न करत आहे. जेवायला या.’ खाली वार आणि वेळ. वेळ दुपारची, टळटळीत.

प्रिंटर घरात होता. घरी बसून काम करायचे दिवस आले होते तेव्हा राखीनं घेतलेला, आणि ते दिवस गेल्यावर इथंच टाकून दिलेला. त्याची काळी शाई वाळून खडखडीत झाली होती. नवीन कार्ट्रिज घ्यायचं तर प्रिंटरच घेतल्यासारखं. तेव्हा भरून घ्यायचं ठरलं आणि रत्नाबाई तहसीलसमोरच्या अश्विनच्या दुकानात गेली. हा अश्विन तिच्या अंगणवाडीतला. खिचडीच्या दोन वाट्या खाऊन तिच्याच मांडीवर झोपणारा. आता दुकानाला काच, काचेमागे तो, त्याला दाढी. ‘या बाई. काय पायजे?’ ‘प्रिंटरची काळी शाई.’ ‘कायसाठी?’ ‘प्रिंटरसाठी. कायसाठी म्हंजे? डोळ्यात घालाले?’ ‘तसं नाई व बाई. दोन जातीची येते.’ त्यानं दोन बाटल्या काचेवर ठेवल्या, सारख्या दिसणाऱ्या, जावा-जावांसारख्या. ‘ही पाण्यात विरघळलेल्या रंगाची. दिसाले मस्त, सस्ती, पण वाळल्यावरही पाणी लागलं का धावते. आन् ही भुकटीची. कागदावर बसली का बसली, मंग चहा सांडो. तुमच्या काळ्या कार्ट्रिजले मुळात ही भुकटीचीच असते. पण कागद कोरडाच राहन तर कायले महाग घ्या? छापून काय राहिल्या तुम्ही?’

इथं ती जागा होती. ‘लग्नाचं कार्ड’ म्हटलं असतं तर तो ‘कोणाचं?’ म्हणाला असता. आणि ज्याचं नाक आपण पदरानं पुसलं, त्याला ‘माहं’ म्हणून सांगायचं? दुकानात आणखी दोघं झेरॉक्ससाठी उभे होते. त्यांच्या हातातले सातबारे थांबले असते. कार्डावर स्वतःचं नाव पहिल्या ओळीत टाकायला न लाजलेली बाई काचेपुढे लाजली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं, ‘पोषण आहाराचे तक्ते.’ ‘भिंतीवर लावासाठी?’ ‘हाव.’ ‘आतल्या भिंतीवर का बाहेरच्या?’ काय पोरगं होतं! इतकी चौकशी त्यानं खिचडीचीही केली नव्हती. ‘आतल्या.’ ‘मंग झालं. कोरड्या कागदाची शाई घ्या.’ त्यानं स्वस्त बाटली कागदात गुंडाळली, आणि वर जुना धडा म्हणून दाखवावा तसं बजावलं, ‘आधी जुनी वाळलेली शाई धुवून काढजा. दोन जाती एका डब्बीत मिसळल्या तर घट्ट होते आन् तोंड बंद पडते.’ रत्नाबाई विचार करत आली, दोन जातींच्या शाईचं एवढं, तर आपल्या गावाचं नवल काय. पण मान वर होती. तेवढा लाभ पदरात पडलेला होता.

भरायला बसली तेव्हा आनंदाबाई समोर येऊन बसली, सिनेमाला बसावं तशी. रत्नाबाईनं कार्ट्रिजचं तोंड कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यावर धरलं. फडक्यावर आधी काही नाही, मग करडी रेघ, मग काळी, मग धुवून धुवून नुसतं पाणी. तळहाताएवढंही नाही ते, आणि कसं धरून बसलेलं असतं. मग कोरडं करून वरचं स्टिकर नखानं सोललं, त्याच्याखाली छिद्र, मेडिकलमधून आणलेली सुई त्यात. ‘हळू पाज,’ म्हातारी म्हणाली, ‘ठसका लागन त्याले.’ खरंच हळूच पाजावं लागतं. आत स्पंज असतो, तो आपल्या सवडीनं पितो, घाई केली तर वरून उलटी करतो. रत्नाबाईला ते आवडत होतं. कुणालातरी चमच्यानं भरवून तिला आता बरेच दिवस झाले होते. अंगणवाडीतली पोरं हल्ली आपापलं खातात. छिद्राच्या तोंडाशी काळा मणी वर आला तशी ती थांबली, पुसलं, चिकटपट्टी लावली, आणि डब्बी खटकन् जागेवर बसवली. तरी लाल दिवा लुकलुकतच राहिला. ‘काय म्हणते तो?’ ‘शाई संपली म्हणते.’ ‘आता तर भरली ना तू!’ ‘तो आत पायत नाई, आत्या. आजपर्यंत कागद किती काढले थेवढं मोजते, आन् त्याच्यावरून सांगते.’ आनंदाबाईनं प्रिंटरकडे नीट बघून घेतलं. ‘म्हंजे आपल्या गल्लीतल्या बायांसारखा हाय हा.’

पहिला कागद पट्ट्यापट्ट्यांचा निघाला, दुसरा बरा, आणि मग जाड कागद घातल्यावर कार्ड आलं. आतून खरखर, आळोखेपिळोखे, आणि मग एकेक ओळ बाहेर. मी. मी रत्नाबाई. शाई ओलसर असताना जरा निळसर चमकायची आणि वाळता वाळता काळी व्हायची. रत्नाबाईनं कार्ड हाताच्या तळव्यावर आडवं धरलं, पोळीसारखं. हजेरीपटावर, रेशनवर, गटाच्या वहीवर तिचं नाव आयुष्यभर लिहिलं गेलं होतं, बहुतेक वेळा तिनंच लिहिलं होतं. पण तिथं ते कशाच्या तरी खाली असायचं, कुणाच्या तरी पुढं. इथं ते सगळ्यांच्या आधी उभं होतं आणि लोकांना जेवायला बोलवत होतं. तिला एकदम भूक लागली. लग्नाची बातमी ऐकून माणसाला काय काय होतं म्हणतात. हिला भूक लागली, आणि ती उभ्या उभ्या गूळ-पोहे खाऊन दिवा ‘संपली संपली’ म्हणत असतानाच सगळी कार्डं काढून मोकळी झाली.

आणि आता हे. म्हातारीचे ओठ अजून हलत होते. रत्नाबाईला भंडाऱ्याचा डोळ्यांचा दवाखाना आठवला, उगाच, कारण म्हातारी तेव्हाही असंच बोट डोळ्यांपुढं धरून बघत होती, पट्टी सुटल्यावर. मोतीबिंदू आनंदाबाईचा, शेजारच्या खाटेवर हिरवी पट्टी लावलेला धनंजय, त्याचाही मोतीबिंदू. दोघांचे मिळून दोन डोळे, आणि रत्नाबाईचे दोन फुकट, सगळ्यांच्या कामाला. धनंजय दिवसभर एकोडीच्या आपल्या खाटेबद्दल बोलायचा. घरापुढच्या छपरीत टाकलेली, तलावाकडे तोंड केलेली, सुंभाच्या दोरीची. दुपारी पाण्यावरून जो वारा येतो तो आधी त्या खाटेला विचारतो आणि मग गावात जातो. त्या खाटेवर त्याच्याशिवाय कुणी बसायचं नाही, सरपंच आला तरी खुर्ची. ‘असं!’ म्हातारी म्हणायची. ‘रुंद हाय काय?’ ‘रुंद? आत्याबाई, बैलजोडी निजन.’ ‘डास?’ ‘वारा टिकू देत नाई.’ पट्टी सुटली तेव्हा म्हातारीनं आधी शेजारच्या खाटेकडे बघितलं आणि सुनेकडे नंतर. रत्नाबाई त्याला तेव्हा भाऊ म्हणत होती, सगळ्यांना म्हणतात तसं, आणि पुढं सगळं इतकं बदललं तरी तो शब्द काही बदलला नव्हता, कारण त्याच्या जागी घालायला दुसरा मिळत नव्हता. त्याचं हसू मोठं होतं. दवाखान्याच्या भिंतीला न शोभणारं. घरात असं हसू कुणी हसून किती दिवस झाले, हा हिशेब ती तेव्हा मांडायला गेली आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

‘काय झालं हे?’ आनंदाबाईनं विचारलं. ‘शाई धावली, आत्या.’ ‘कायले?’ रत्नाबाईला वाटलं, आता खरं सांगून टाकावं, निदान शकुनावर नको. ‘मी खोटं बोलली म्हणून. अश्विन पुसत होता का कायसाठी पायजे. लग्नाच्या कार्डासाठी म्हणून सांगतलं असतं, तर हळद लागते हे त्याले मालूम हाय, त्यानं पक्की दिली असती. मले लाज वाटली. मी म्हटलं, पोषण आहाराचे तक्ते.’ म्हातारीच्या पोटात कुठंतरी काहीतरी हललं, ते वर आलं, खांद्यापर्यंत आलं, वाटीतली हळद हिंदकळली. ‘पोषण आहार!’ ती म्हणाली. ‘सोमवारी वरण-भात, मंगळवारी उसळ, बुधवारी धनंजय!’ आणि जी हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसायला गेली तर हळद गालाला लागली. रत्नाबाई हसली ती आधी भीतीनं, मग हसू आलं म्हणून, मग थांबता येईना म्हणून. अशा वेळी पहिल्यांदा कोण थांबतं ते महत्त्वाचं, थांबली आनंदाबाई. ती कार्डाशी वाकली होती.

‘अवो, हे पाय. इकडं ये. हिरवं झालं.’ खरंच झालं होतं. काळी शाई पाण्याबरोबर फुटली, तिच्या आतून निळं निघालं, हळदीचं पिवळं त्यात गेलं, आणि ‘रत्ना’च्या खाली एक ओलं हिरवं पान पडल्यासारखं झालं. हिरवं. ज्या रंगाच्या बांगड्या रत्नाबाईच्या हातातून उतरल्या तेव्हा उतरवणाऱ्या बायांत पहिला हात आनंदाबाईचा होता. सासूचाच असावा लागतो. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. म्हातारीनं नुसतं आपलं बोट दाखवलं. ते काळं नव्हतं, पिवळंही नव्हतं. ‘माह्या बोटानं झालं,’ ती म्हणाली, थोडी भीत, थोडी मिरवत. ‘मी अशी बिनकुंकवाची, माह्या हाताची हळद चालते काय म्हणून रातभर इचार करून राहिली होती. चालली तर! धावली!’

तोवर म्हातारी बोट वाटीत बुडवून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघाली होती आणि कार्डापासून टिचभर अंतरावर थांबली होती. बोट हवेत. थेंब लोंबतोय. ‘खाटेचं काय?’ ती म्हणाली.

‘कोनती खाट?’

‘तलावाकडची. मी एकोडीले येईन, पण कोपऱ्यात निजणार नाई. लाव फोन.’

तेव्हा कुठं रत्नाबाईला कळलं की इतका वेळ ते ओठ काय पुटपुटत होते. शकुन नाही, देव नाही, शिव्या नाहीत. म्हातारी वाटाघाटीची तयारी करत होती. महिनोन्‌महिने ‘पाहू’ म्हणत बसलेली ती काही सुनेची परीक्षा बघत नव्हती. माल तिच्याकडे होता, भाव चढू देत होती. रत्नाबाईनं मनातल्या मनात तिला हात जोडले. गटाला अशी एक अध्यक्ष मिळती तर! तिनं फोन लावला, आवाज मोठा ठेवला. ‘हॅलो, भाऊ—’ ‘आता तरी भाऊ म्हणू नोको व!’ म्हातारी ओरडली. पलीकडून ते मोठं हसू आलं. ‘धनंजय, मी बोलतो, आनंदाबाई. खाट मले पायजे.’ हसू थांबलं. ‘खाट? आत्याबाई, तुमच्यासाठी नवीन आणतो ना. नवारीची. मऊ.’ ‘मले थेच पायजे.’ ‘सुंभ टोचते तिचं.’ ‘टोचू दे. तीन कोपरे राहिले हायेत कार्डाचे. हळद माह्या हातात हाय.’ बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. बहुतेक तो खाटेवरूनच बोलत होता. मग बारीक आवाजात, ‘मंग मी कुठी निजू?’

‘लग्न तुयं होऊन राहिलं,’ आनंदाबाई म्हणाली, ‘आन् मले पुसून राहिला काय?’

रत्नाबाईनं पदर तोंडात कोंबला. फोनमध्ये दवाखान्याची भिंत हादरवणारं तेच हसू, आणि त्या हसण्यातच कुठंतरी ‘घ्या, घ्या खाट’ असं ऐकू आलं. म्हातारीनं खात्री करायला पुन्हा म्हणून घेतलं, आणि मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. भरपूर पाणी घालून. बाकीची कार्डंही तिनं सोडली नाहीत. एकेक समोर उभं करून थेंब सोडायची, नावापर्यंत जातो की नाही बघायची, नाही गेला तर आणखी एक. चौंडेश्वरीला गेलं तेही हिरवं, राखीला बसनं गेलं तेही हिरवं. अश्विनला रत्नाबाईनं स्वतः जाऊन दिलं, दुकानात चार माणसं असताना, मान खाली न घालता. तेही आता फुकटात जमलं. त्यानं कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्या हिरव्या डागावर अंगठा ठेवून म्हणाला, ‘बाई! हे तुमचे तक्ते?’ मग संध्याकाळी तो भुकटीच्या शाईची बाटली घेऊन घरी आला, म्हणे ही पक्की, नवीन छापून घ्या, माझ्याकडून. आनंदाबाईनं त्याला उंबऱ्यातच थांबवलं. ‘ठेव तुयी पक्की तुयापाशी. लग्नाले धावतेच शाई पायजे. आन् जेवाले ये. खिचडी नाई हाय.’

तर हिशेब असा. खोटं बोलली रत्नाबाई, तिला नाव मिळालं, हिरवा रंग मिळाला, आणि भर दुपारी गावासमोरून वाजतगाजत जायला मिळालं. अश्विनची स्वस्त बाटली मोहाडीत लग्नाची शाई म्हणून विचारली जाऊ लागली. आनंदाबाईचं बोट काही दिवस हिरवं राहिलं, ते तिनं धुतलंही नाही. प्रिंटर एकोडीला संगं गेला आणि तिथंही लाल दिवा लावून ‘संपली’ म्हणतो. त्याचं कुणी ऐकत नाही. भरपाई केली ती एकट्या धनंजयनं. दुपारी तलावावरून वारा निघतो, छपरीत येतो, सवयीनं खाटेला विचारतो. खाटेवर आनंदाबाई असते, पाय पसरून, बैलजोडीच्या जागेत एकटी. धनंजय पायरीवर बसून विचारतो, ‘टोचत नाई ना, आत्याबाई?’

‘पाहू,’ ती म्हणते.